रिमोटच्या स्लॅशला ब्रशलेस मोटर टाकली, आता गाडी चाकांपेक्षा टपावर जास्त असते. काय करू?

रंकाळ्याची_हवा
मंडळी नमस्कार. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय. माझ्याकडं ट्रॅक्सास कंपनीचा स्लॅश आहे, रिमोटवर पळणारा छोटा ट्रक, टू व्हील ड्राइव्ह, पुण्याच्या एकाकडनं दिवाळीआधी सेकंडहँड घेतलेला. आला तेव्हा ब्रशवाली मोटर होती, निवांत पळायचा. पण आपल्याला कुठं निवांत चालतंय, यूट्यूबवर व्हिडिओ बघून ३५०० केव्हीची (म्हणजे एका व्होल्टला ३५०० आरपीएम) ब्रशलेस टाकली, थ्री एस म्हणजे तीन सेलची लायपो बॅटरी घेतली आणि पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) २३ दातांचं लावलं, म्हटलं आता जाळ अन् धूर संगटच.

आमचा ट्रॅक कळंब्याच्या पुढं एका मित्राच्या मळ्यात आहे. ऊस गेल्यावर अर्धा एकर रिकामं होतं तिथं आम्ही सात-आठ जणांनी मिळून केलाय, सरळ पट्टा जेमतेम वीस मीटर, दोन जंप, एक इंग्रजी एससारखं वळण. तर प्रकार असा आहे की थ्रॉटल दिला की मागचं गोल फिरतं, ओल्या बाजूच्या वळणाला गाडी बाहेरच्या दोन चाकांवर जाते आणि लोळते, जंपला नाक वर करून पतंगासारखी उभी राहते आणि पाठीवर पडते, आणि पाच मिनिटांत मोटर इतकी तापते की बोट लावायची सोय नाही. माझा लॅप ३१-३२ सेकंद. आणि आमच्यातला एकजण, ज्याची गाडी डब्यातनं काढली तशीच आहे, ब्रशवाली, तो २७ मारतो. वर पुढनं जाताना तोंडानं पॉं करतो.

बारा हजार बाजूला काढलेत. कार्टमध्ये ॲल्युमिनियमचे आर्म, ॲल्युमिनियमचे शॉक टॉवर, बिग बोअर शॉक, क्रोमची चाकं असं टाकून ठेवलंय. घेऊ काय?

खटक्यावर_बोट
जाग्यावर पलटी. गाडीचं नाव हेच ठेव भावा, बॉडीवर लिहून घे, म्हणजे उलटी पडली की वाचता येईल.

लेथवाले_काका
कार्ट रिकामी कर आधी, मग बोलू.

माझं उद्यमनगरात लेथ-मिलिंगचं छोटं शॉप आहे, दिवसभर पंपाचे आणि गिअरबॉक्सचे जॉब असतात, आणि संध्याकाळी तुमच्यासारखी पोरं मोडलेल्या गाड्या घेऊन येतात म्हणून यातलं थोडं कळतं. ॲल्युमिनियमचा बार माझ्याकडं पडलेला असतो, तू म्हणशील तर उद्या आर्म काढून देईन, पैसेपण मिळतील मला. तरी सांगतोय नको. नायलॉनचे आर्म कंपनीनं पैसे वाचवायला दिलेले नाहीत. धडकल्यावर नायलॉन वाकतं आणि परत जाग्यावर येतं. ॲल्युमिनियम वाकलं की वाकलंच, आणि नाही वाकलं तर तो सगळा दणका आत जातो, मग आर्म शाबूत आणि आतलं बल्कहेड, म्हणजे आर्म जिथं बसतात तो भाग, फुटलेलं, ते बदलायला अर्धी गाडी खोलायची. धातू कुठं घालायचा तर जिथं आटे झिजतात आणि जिथं बेअरिंग बसतं तिथं. शॉकची टोपी, हब, स्टीअरिंगचे ब्लॉक. बाकी प्लॅस्टिक राहू दे.

आता गिअरचं गणित घालतो, वही काढ. स्पर, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतं ते मोठं गिअर, ८६ चा आहे ना? ८६ भागिले २३ म्हणजे ३.७४. आतल्या गिअरबॉक्सचं २.७२ असतं, गुणले तर १०.१७. थ्री एस फुल चार्ज १२.६ व्होल्ट, गुणिले ३५००, म्हणजे चव्वेचाळीस हजार आरपीएम कागदावर. टायरचा व्यास अकरा सेंटीमीटर धर, घेर साडेचौतीस. सगळं मांडलं की ताशी नव्वद किलोमीटर निघतात. ताशी नव्वद म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर. तुझा सरळ पट्टा आहे वीस मीटरचा.

म्हणजे मोटर कधी तिच्या चालीत येतच नाही, कायम ओढत असते, करंट खाते आणि तापते. उसाची ट्रॉली पाचव्या गिअरवर उचलल्यासारखं चाललंय तुझं.

रंकाळ्याची_हवा
काका _/\_ हे गणित दुकानदारानं सांगितलं असतं तर थ्री एसची बॅटरी घेतलीच नसती. मग करू काय, ब्रशलेस काढू?

लेथवाले_काका
काढू नको. टू एस लाव आणि पिनियन १६ चं. ८६ भागिले १६ ला २.७२ नं गुण, १४.६२ येतं, आणि ८.४ व्होल्टला ताशी चाळीसच्या आसपास. तुमच्या मळ्याला तेवढं बास झालं, उलट थोडं उरेलच. पिनियन बसवताना स्पर आणि पिनियनच्या मधे वहीचा कागद घाल, मोटर दाबून स्क्रू आवळ, मग कागद फिरवून काढ. कागदावर दात उठले पाहिजेत पण फाटायला नको. आणि स्क्रूला लॉकटाइट, निळं, लाल नाही, लाल लावलंस तर परत माझ्याकडंच येशील.

पगारी_माणूस
बारा हजारात चालू स्थितीतली सेकंडहँड स्प्लेंडर येते. खेळण्यातल्या गाडीला एवढे?

रंकाळ्याची_हवा
स्प्लेंडर आहे दादा. तिला पिनियन बदलून जंपवरनं टाकली तर घरचे बाहेर काढतील म्हणून ही.

फिनिक्सचा_कोल्हापुरी
शाहूपुरीचा आहे, नऊ वर्षं ॲरिझोनात. इथं शनिवारी रात्री क्लबला पळवतो, त्यामुळं हात शिवशिवले हा धागा बघून.

थोडी पार्श्वभूमी, नवीन लोकांसाठी. शॉर्ट कोर्स म्हणजे खऱ्या ट्रकची शर्यत असते, वाळवंटातल्या शेकडो मैलांच्या बाहाच्या शर्यतीसारखी लांबची नाही, तर प्रेक्षकांना बसल्या जागी दिसेल अशी बंद गोल ट्रॅकवरची, जंप आणि चिखल आणि एकमेकांना घासत जाणं. विस्कॉन्सिनमधलं क्रँडन हे त्याचं नावाजलेलं ठिकाण. त्या ट्रकचं छोटं रूप म्हणून स्लॅश २००८ ला आला आणि एकदम चालला, कारण सगळ्यांकडं सारखीच गाडी, सारखीच ब्रश मोटर, मोठे बंपर आणि चाकं झाकणारी बॉडी, त्यामुळं धक्का लागला तरी चाकात चाक अडकून बग्गीसारखं होत नाही. मग असोसिएटेडचा एससी१० आला, लोसी आली, टेक्नोचा फोर व्हील आला, आणि गाड्या भारी होत गेल्या, महागपण झाल्या. मजा मात्र सारख्या गाड्यांच्यात जास्त होती असं माझं मत. त्यामुळं तुमचा तो २७ वाला माणूस चुकीचं काहीच करत नाहीये :)

इथं टू व्हीलच्या स्टॉक क्लासला १७.५ टर्नची सेन्सरवाली मोटर आणि टू एस असते, म्हणजे तुझ्या मोटरपेक्षा कितीतरी मवाळ, आणि तरीही शर्यत टायरवर ठरते. टायर, मग शॉकचं तेल, मग गाडीची उंची, मग डिफ (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर). मोटर सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच बदल कर रे, दोन केलेस तर कशानं सुधारली ते कळत नाही आणि कशानं बिघडली तेपण कळत नाही. आधी टायरचा आणि मातीचा फोटो टाक.

रंकाळ्याची_हवा
[फोटो टाकलाय] टायर डब्यातलेच आहेत, मागचे मधोमध गुळगुळीत झालेत. माती बघा, काळी आहे, वर धूळ.

फिनिक्सचा_कोल्हापुरी
मग मागचं गोल फिरणारच. टायर गुळगुळीत, खाली धूळ, आणि पायाखाली चव्वेचाळीस हजार आरपीएम. वरच्या मोकळ्या धुळीला उंच आणि लांब-लांब काटे असलेला टायर लागतो, तो धुळीतनं खाली घट्ट मातीपर्यंत पोचतो. ट्रॅक घट्ट आणि चकचकीत झाला की बुटके, जवळजवळ काटे आणि मऊ रबर. आधी मागची जोडी घे, पुढं जुनीच ठेव. पुढं जास्त पकड आणि मागं कमी असली की गाडी अजून फिरते.

एक महत्त्वाचं, ऑर्डर करताना बघ. शॉर्ट कोर्सच्या रिमला बाहेरनं २.२ इंच आणि आतनं ३.० असतं, मागं १२ मिलीमीटरचा हेक्स, म्हणजे षटकोनी खाच. पण टू व्हील स्लॅशच्या पुढच्या आणि मागच्या रिमचा ऑफसेट, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते ते, वेगळा असतो. फोर बाय फोरची चारही सारखी. लोक इथंच फसतात.

मातीतला_पैलवान
टायरचं मला कळत नाही पण मातीचं कळतंय. काळ्या मातीत ट्रॅक केलाय म्हणजे पाया चुकलाय मर्दा. काळी माती पाणी पिली की फुगते, वाळली की भेगा पडतात, आज केलेली जंप महिन्यात फाटती. खाली मुरूम टाका चार-पाच इंच, वर लाल माती, पन्हाळ्याकडची चालेल, पाणी मारून रूळ फिरवा.

खटक्यावर_बोट
आखाड्याची माती आणायची का थेट? तेल, ताक, हळद घातलेली. गाडी पडली तर लागायचं नाही.

मातीतला_पैलवान
हसतोयस, पण आमची माती रोज फावड्यानं उकरून भुसभुशीत ठेवतो ती पडणाऱ्याला लागू नये म्हणून. तुमच्या गाडीला उलटं पाहिजे, दाबलेली. तेल-ताकाची माती टायरला चिकटली तर निघायची नाही. आणि आखाड्यातनं माती न्यायला आलास तर वस्ताद तुलाच चितपट करतील.

ऊसवाला_मळेकरी
मळा माझा आहे. वाचतोय सगळं. मुरमाची एक ट्रॉली मी टाकतो, पण डिझेलला प्रत्येकी शंभर काढायचे. रूळ भावकीतल्या एकाकडं आहे. कडेला लाइनसाठी जुन्या ठिबकच्या नळ्या दोन बंडल आहेत, अंकुश ठोकून बसवू, गाडी वर चढली तरी मोडणार नाही. धुळीचं मात्र काय करायचं सांगा, रोज पाणी मारायला मला वेळ नाही.

फिनिक्सचा_कोल्हापुरी
इथं बऱ्याच मातीच्या ट्रॅकवर साखरेचं पाणी मारतात. साखर हवेतली ओल धरते, वरचा थर बांधला जातो, धूळ बसते आणि पकड इतकी येते की टायर चरचर वाजतो. तुम्ही तर साखरेच्या गावात बसलाय.

खटक्यावर_बोट
मळी! कारखान्यातनं मळीचा टँकर!

ऊसवाला_मळेकरी
मळी अशी मिळत नाही रे, एक्साइजचा कंट्रोल असतोय तिच्यावर, परमिट लागतंय. गुऱ्हाळात खराब गूळ पडलेला असतो, रंग गेलेला, तो देतो पाण्यात कालवून.

पगारी_माणूस
जीआय टॅगवाला कोल्हापुरी गूळ मातीत ओतणार. कठीण आहे.

राजारामपुरीची_सोल्डर
उशिरा आले धाग्यावर. मोबाईल-इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि मुलगा तेरा वर्षांचा, त्याच ट्रॅकवर येतो, निळा ट्रक. त्यामुळं दोन गोष्टी सांगते ज्या कुणी बोललं नाही.

पहिली बॅटरी. फोटोत तुमची थ्री एसची बॅटरी फुगलेली दिसतेय, कडेला बघा. ती आता वापरू नका, चार्जला तर अजिबात लावू नका. लायपोचा एक सेल ४.२ व्होल्टला भरतो, ३.२ च्या खाली नेऊ नका, आणि आठवडाभर वापरणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ ला आणून ठेवा, चार्जरवर स्टोरेज म्हणून मोड असतोच. रविवारी पळवली, उरलेली तशीच फुल ठेवली पुढच्या रविवारपर्यंत, उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत, की फुगलीच समजा. चार्ज १ सीनं, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअर, बॅलन्सची बारकी वायर लावून, आणि समोर बसून. माझ्याकडं एक गिऱ्हाईक आलं होतं, गादीवर चार्जला लावून जेवायला गेलेलं. गादी गेली, माणूस वाचला.

दुसरी, जंप. गाडी हवेत असताना तुम्ही थ्रॉटल धरून ठेवता, बरोबर? हवेत चाकांना जमिनीचा आधार नसतो. चाकांचा वेग वाढवला की त्याची प्रतिक्रिया चॅसिसवर उलट्या दिशेनं येते आणि नाक वर जातं. ब्रेक मारला की चाकं थांबतात आणि नाक खाली येतं. म्हणजे हवेत स्टीअरिंग नाही पण नाक तुमच्या बोटावर आहे. जंपच्या टोकाला थ्रॉटल सोडा, गाडी नाक वर करून चाललीये असं वाटलं तर ब्रेकला नुसता टिचका. माझ्या मुलाला हे जमायला तीन रविवार लागले, आता तो तुमच्या पुढं असतो :)

रंकाळ्याची_हवा
निळा ट्रक तुमच्या मुलाचा होय! तो तर मला दर राउंडला ‘काका बाजूला’ म्हणतो. मी सव्वीस वर्षांचा आहे ताई.

फिनिक्सचा_कोल्हापुरी
ताईंनी सांगितलं ते एकदम बरोबर, त्यात भर. शॉर्ट कोर्सची बॉडी म्हणजे उघडी छत्री. पुढनं आणि चाकांच्या कमानीतनं हवा आत शिरते, मागच्या हौद्याच्या आत अडकते आणि नाक उचलते. मागची काच आणि हौद्याचा मागचा पडदा कापून टाक, हवेला वाट मिळते. बाजूच्या काचा ठेव, त्या बॉडीला ताठ ठेवतात. कापलेल्या कडांना आतनं जाळीची टेप आणि रबरासारखं सुकणारं गोंद लाव, नाहीतर तिथनंच चीर जाते.

खटक्यावर_बोट
गोंद शोधायला मी चप्पल लाईनला गेलो होतो मागं. तो म्हातारा बघतच राहिला, म्हणाला आमच्यात शिवण असते, गोंद कसला विचारतोस.

लेथवाले_काका
आणि बुटाचं पिवळं सोल्युशन थेट बॉडीवर लावू नका. त्यात टोल्युइन असतं, पॉलीकार्बोनेटला खातं, पांढरं पडून तडकतं. माझ्याच पोराची बॉडी घालवलीये मी. आधी कापलेल्या तुकड्यावर लावून रात्रभर ठेवून बघा.

रंकाळ्याची_हवा
पहिला रविवार झाला, रिपोर्ट देतो. टू एस आणि १६ चं पिनियन. काकांनी फौंड्रीतल्या मित्राकडनं इन्फ्रारेड गन आणायला सांगितलेली, आणली, तिथं वितळलेलं लोखंड मोजतात त्यानं मी मोटर मोजली. आधी मोटरच्या चकचकीत डब्यावर मारली तर ४४ डिग्री दाखवली, आणि बोट लावलं तर चटका! काकांना फोन केला तर म्हणाले चकचकीत धातूवर गन खोटं बोलते, काळी टेप चिकटव आणि टेपवर मार. टेपवर ७१ आली. आधीचं सेटिंग लावून मुद्दाम एक पॅक जुन्या बॅटरीवर...

राजारामपुरीची_सोल्डर
फुगलेल्या बॅटरीवर?!

रंकाळ्याची_हवा
नाही नाही ताई, ती मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलीये दुसऱ्याच दिवसापासनं. मित्राची घेतली. तर जुन्या सेटिंगला चार मिनिटांत १०३. काका म्हणतात ऐंशीच्या वर जाऊ द्यायची नाही, आतले चुंबक तापले की कमजोर होतात ते परत येत नाहीत.

लॅप २८.९!! एक रुपया पार्टला न घालता, म्हणजे पिनियनचे तेवढे गेले. अजून वळणाला लोळते मात्र, उलट आता मुरूम-लाल माती टाकल्यापासनं जास्तच लोळते.

राजारामपुरीची_सोल्डर
मिठाच्या पाण्यातली बॅटरी नंतर कचराकुंडीत टाकू नका, मीटरनं शून्य व्होल्ट बघा आणि दुकानात आणून द्या, मी ई-कचऱ्यात देते.

फिनिक्सचा_कोल्हापुरी
पकड वाढली की लोळणं वाढतं, बरोबर आहे. आधी घसरत होती म्हणून वाचत होती. आता टायर सरकत नाही आणि वजन वर आहे, त्यामुळं गाडी टायरवरनंच पलटते. स्लॅशचं मूळ चॅसिस उंच आहे, त्याला लो सीजीचं, म्हणजे वजन खाली आणणारं, किट मिळतं, पण तुझं बजेट त्यातच जाईल. त्याआधी फुकटातले उपाय कर. शॉकवरचे स्पेसर काढून गाडी खाली आण, मागचे आर्म जमिनीला समांतर दिसले पाहिजेत गाडी टेकवल्यावर. मग ड्रूप कमी कर, म्हणजे गाडी उचलल्यावर चाक किती खाली लोंबतं ते. शॉक खोलून पिस्टनच्या खाली, दांड्यावर दोन-तीन मिलीमीटरची नळी घाल, शॉक तेवढा कमी उघडतो, आणि वळणात आतली बाजू तितकी वर उचलली जात नाही.

पुढं घट्ट तेल. ३० चं असेल तर पुढं ४० कर, मागं ३५. हे आकडे कंपनीप्रमाणं वेगळे निघतात म्हणून सीएसटी (तेलाच्या घट्टपणाचं माप) बघ, असोसिएटेडचं ३० म्हणजे ३५० सीएसटी आणि ४० म्हणजे ५००.

लेथवाले_काका
तेल सिलिकॉनचंच. गॅरेजमधनं बाईकच्या फोर्कचं आणून घालतात काही पोरं, ते खनिज तेल असतं, त्यानं सिलिकॉनची ओरिंग फुगते आणि शॉक जाम होतो, मग म्हणतात सेटिंग बिघडली. भरायची पद्धत पण नीट कर. पिस्टन खाली ओढ, तेल काठोकाठ भर, मग पिस्टन हळू वर-खाली, बुडबुडे यायचे बंद होईस्तोवर. मग ठेवून दे आणि चहा पिऊन ये. घाई केली की आत हवा राहते, शॉक दाबला की पचपच आवाज येतो. चारही शॉक भरल्यावर जोडीजोडीनं टेबलावर दाबून बघ, दोन्ही सारख्या वेगानं बसले पाहिजेत.

अजून एक. पुढं स्वे बार घाल. विकत कशाला, सायकलची दोन मिलीमीटरची तार घेऊन ये दुकानात, वाकवून देतो, दोन्ही आर्मना बॉल-जॉइंटनं जोडू. गाडी एका बाजूला झुकायला लागली की तार पिळली जाते आणि दुसरी बाजू खाली ओढते.

रंकाळ्याची_हवा
तिसऱ्या रविवारचा रिपोर्ट. मधल्या रविवारी पाऊस झाला, ट्रॅक बंद.

आधी रडगाणं. फिनिक्सवाल्या दादांनी ठळक सांगूनसुद्धा मी ऑफसेट चुकवलाच. मागची म्हणून जी मागवली ती पुढची निघाली, बेअरिंगवाली, हेक्सच नाही. परत पाठवण्यात कुरिअरवाल्यानं बारा दिवस घातले. बाहेरनं मागवायचं बघितलं तर खेळण्यांवरची बेसिक ड्युटी २०२० ला २० ची ६० टक्के झाली आणि २०२३ ला ७०, त्यामुळं जोडीमागं जेवढ्याचा टायर तेवढंच वर. शेवटी त्या पॉं करणाऱ्यानंच त्याची जुनी मागची जोडी दिली, काटे अर्धे शिल्लक असलेली, एका मिसळीच्या बदल्यात. टायर रिमला चिकटवताना गोंद पूर्ण सुकू दिला नाही म्हणून पहिल्याच वळणाला एक टायर निघून उसात गेला. सापडला.

आता चांगलं. स्वे बार बसवला, काकांनी पैसे घेतले नाहीत, पेढे घेतले. ड्रूप कमी केला, गाडी खाली आणली. एकापाठोपाठ एकच बदल करत गेलो, वहीत लिहून. नुसती खाली आणल्यावर २८.१. तेलानंतर २७.९ म्हणजे फार नाही. पण ड्रूपनंतर एकदम २७.२ आणि लोळणं जवळजवळ बंद! ज्या गोष्टीला दहा रुपयाची पेनाच्या रिफिलची नळी लागली तिनं केवढा फरक पडला.

एक शंका. वळणातनं निघताना आतलं मागचं चाक नुसतं फिरतं, धूर काढल्यासारखं, आणि गाडी पुढं जात नाही.

फिनिक्सचा_कोल्हापुरी
डिफ. सगळी ताकद हलक्या चाकाकडं पळतेय. तुझ्या टू व्हीलच्या डिफला पातळ तेल टिकत नाही, गळतं, त्यामुळं आत एकदम घट्ट सिलिकॉनची ग्रीस भर. इतकं घट्ट नको की गाडी वळायचीच बंद होईल. एक चाक हातानं फिरव, दुसरं उलटं फिरलं पाहिजे पण मधात चमचा फिरवल्यासारखं.

आणि स्लिपर, म्हणजे स्परवरचा घसरणारा क्लच, बघितलास का? नट पूर्ण आवळून अर्धा-पाऊण आटा ढिला कर. जंपवरनं उतरताना गिअरवर जो झटका येतो तो स्लिपरनं खायचा असतो. पूर्ण आवळलेला असेल तर कधीतरी स्परचे दात जातील, आणि फार ढिला असेल तर कुत्रं विव्हळल्यासारखा आवाज येतो आणि स्पर वितळतो.

राजारामपुरीची_सोल्डर
ईएससीत (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ट्रेनिंग मोड असेल तर तो पण लावून बघा, त्यात थ्रॉटल अर्धाच मिळतो. लाज वाटायचं कारण नाही, माझा मुलगा अजून ओल्या ट्रॅकला तोच लावतो.

रंकाळ्याची_हवा
लाज तर त्यानं ‘काका’ म्हटलं तेव्हाच गेली ताई.

डिफ भरला, स्लिपर पाऊण आटा. काल संध्याकाळी प्रॅक्टिसला २६.६. सव्वीस पॉइंट सहा!! पॉं करणारा गप्प होता. मग त्यानं खिशातनं नवीन टायरची जोडी काढली, दहा मिनिटांत लावली, आणि २५.८ मारला. ब्रश मोटरवर. विषय हार्ड आहे.

बारा हजारातले एकवीसशे गेले आत्तापर्यंत. उरलेल्यात लो सीजीचं चॅसिस घेऊ का सर्वो, म्हणजे स्टीअरिंग वळवणारी मोटर? सध्याचा सर्वो प्लॅस्टिक गिअरचा आहे, वळताना दमतो.

लेथवाले_काका
सर्वो. पण मोठा घेतलास तर ईएससीची बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोला वीज देणारा भाग) तेवढा करंट देते का बघ, नाहीतर वळवताना रिसीव्हर मधेच झोपेल आणि गाडी सरळ बांधावर.

खटक्यावर_बोट
रविवारी मी पण येतो, माझ्याकडं मागच्या वर्षापासनं पडून असलेला एक ट्रक आहे. कुणी १८ चं पिनियन उसनं देईल काय?

रंकाळ्याची_हवा
माझं २३ चं घे, मला आता त्याचा चेहरा बघायचा नाही.

ऊसवाला_मळेकरी
रविवारचं सांगायला आलोय. परवा तीन बॅरल गुळाचं पाणी मारलं, ट्रॅक असा झालाय की अनवाणी चाललं तर पाय चिकटतोय, धूळ औषधाला नाही. पण दोन अडचणी. मुंगळे आलेत, पहिल्या वळणापासनं मधल्या जंपपर्यंत काळी रांग लागलीये, चुना ओढून बघतो. आणि रात्री म्हशीनं दावं तोडलं, सकाळी बघतो तर मोठ्या जंपचा उतार चाटून साफ. आत्ता तिथंच बसलीये, उठवली तरी उठत नाही. येताना कुणीतरी दोन पेंढ्या वैरण घेऊन या.